मापाडी आणि पुडीवाला

वस्तू घडवणाऱ्याचं नाव होतं आणि ती बांधून घरोघरी पोचवणाऱ्याच्या बोटांना सुतळीचे वळ पडतात, ही जगाची रीत आहे. धाकट्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. निदान चारचौघांत तरी तो तसंच सांगायचा.

घडवणारा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, दादा. दादाने मापाडी लिहिला होता. मापाडी हा तयार प्रोग्राम नव्हे, तो प्रोग्राम उभे करायचा सांगाडा, ज्याला सगळे फ्रेमवर्क म्हणतात. वजनकाटे, तापमापक, पाण्याचे मीटर ही यंत्रं आपापल्या भाषेत बडबडत असतात. त्यांचं ऐकून घ्यायचं आणि सगळ्यांना समजेल असं पडद्यावर मांडायचं, एवढं काम मापाडी करायचा, पण ते इमानेइतबारे करायचा. दादाने तो पंधरा वर्षं खपून लिहिला आणि सगळा कोड जगाला उघडा ठेवला. घ्या, वापरा, बदला, कुणाची परवानगी मागू नका.

उघडा ठेवला खरा, पण लोकांच्या हाती पडेल असा ठेवला नव्हता. दादाच्या साइटवर एक गाठोडं असायचं आणि ते कसं सोडवायचं याच्या सूचना असायच्या. त्या वाचता वाचता माणूस म्हातारा झाला असता. अमुक लायब्ररी आधी आणा, तमुक आवृत्ती चालणार नाही, मग हे जोडा, मग ते. दादाचं म्हणणं, ज्याला खरंच हवंय तो घेईल खटपट करून.

धाकटा दिवसा एका कॉलेजच्या तळघरात सर्व्हर सांभाळायचा आणि सकाळी चहा घेता घेता, निव्वळ हौसेने, पॅकेजं बांधायचा. पॅकेज मॅनेजरचं काम सगळ्यांना माहीत असतं. एक ओळ टाइप केली की हवा तो प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या लटांबरासकट, मशीनवर येऊन बसतो. पण ते सामान कुणीतरी आधी नीट बांधून गोदामात ठेवलेलं असावं लागतं. ते बांधणारी मंडळी देशोदेशी पसरलेली होती आणि धाकटा त्यांच्यातला एक होता.

सहा वर्षांपूर्वी त्याने दादाला विचारलं होतं, "तुझ्या मापाडीचं पॅकेज बांधू का?"

"बांध की," दादा म्हणाला होता. "पुड्या बांधायला माझी परवानगी कशाला?"

तेव्हापासून धाकट्याचं घरातलं नाव पुडीवाला पडलं. वहिनी म्हणायच्या, एक भाऊ पुड्या बांधतो आणि दुसरा सोडतो. दादा तेव्हा फुशारक्या मारायचा. हल्ली त्याचं तेही बंद झालं होतं.

एका शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, जेवायला या. यांनी मापाडी मिटवायचं ठरवलंय. सोमवारी साइटवर नोटीस लावणार आणि त्या लिफ्टच्या कंपनीला नोकरीसाठी हो म्हणून कळवणार. धड झोप नाही, धड जेवण नाही. तुमचं ऐकतील असं नाही, पण या."

वहिनी दातांच्या डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. धाकटा पोचला तेव्हा खाली मशीन चालू होतं आणि त्याची घरघर जिन्यात ऐकू येत होती. वर दादा आपल्या खोलीत बसला होता. टेबलावर दोन पडदे, आणि शेल्फवर एक जुना, बिजागर मोडलेला लॅपटॉप पुस्तकांना टेकवून उभा केलेला. धाकट्याने तो याआधी पाहिला होता, पण त्यावर काय असतं ते बघायची तसदी कधी घेतली नव्हती.

"ये पुडीवाल्या," दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीने तक्रार केली वाटतं."

"मिटवतोयस म्हणे?"

"मी काय मिटवणार? तो केव्हाच मिटलाय. मला आत्ता दिसलं, एवढंच."

त्याने तो जुना लॅपटॉप पुढे ओढला. पडद्यावर एकच आलेख होता. डावीकडून छान चढत गेलेली रेघ, मग माथा, आणि मग उजवीकडे घसरगुंडी.

"मापाडी नव्या मशीनवर पहिल्यांदा सुरू झाला की मला एक टिंब पाठवतो," दादा सांगू लागला. "नाव नाही, गाव नाही. नुसतं, मी सुरू झालो. तेवढं मी मोजतो. बघ, इथे कसा चढत होता. आणि इथून उतार लागला. आधी मला वाटलं, होतं असं अधूनमधून. मग वाटलं, आपला कोड जुनाट झाला असेल, लोक कंटाळले असतील. म्हणून सगळा गाभा नव्याने लिहिला. दीड वर्ष गेलं त्यात. तरी उतारच. मग पुन्हा लिहिला." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "आता महिन्याला वीस-पंचवीस टिंबं येतात. त्यातली निम्मी माझीच असतील, चाचणी घेतानाची. लोकांना नकोय रे. जे लोकांना नको ते आपण किती दिवस कवटाळून बसायचं?"

धाकट्याचं लक्ष दादाच्या बोलण्याकडे नव्हतं. रेघ जिथे माथ्यावरून खाली वळली होती, तिथला महिना तो वाचत होता. त्याच महिन्यात त्याने मापाडीचं पॅकेज गोदामात ठेवलं होतं.

पॅकेजवाल्यांचा एक कडक नियम होता. वापरणाऱ्याला न विचारता कुठल्याही प्रोग्रामने बाहेर काहीही कळवायचं नाही, टिंबसुद्धा नाही. नियम चांगला होता आणि धाकटा नियमाचा पक्का. पहिल्याच दिवशी त्याने मापाडीतला तो टिंब पाठवणारा भाग काढून टाकला होता आणि रिवाजाप्रमाणे पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत तसं स्पष्ट लिहिलंही होतं. त्या जगात लिहिलं म्हणजे सांगितलं, असं धरतात. दादा पॅकेज वापरत नाही, म्हणून ती नोंद त्याच्या बापजन्मी नजरेस पडणार नाही, हे काही धाकट्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तिथल्या कुणाच्याच आलं नसतं.

म्हणजे पॅकेज जितकं चांगलं होत गेलं, तितके लोक दादाचं गाठोडं सोडून तिकडे गेले. आणि जितके तिकडे गेले, तितका दादाचा आकडा उतरला. लोक वाढत होते आणि दादा त्यांना गेलेलं समजून एकेकाचं सुतक धरत होता.

"पाणी पिऊन येतो," असं म्हणून धाकटा खाली उतरला.

खाली पेशंट नुकताच गेला होता. वहिनी हात धूत होत्या. धाकटा जाऊन सरळ पेशंटच्या खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी नळ बंद केला. "म्हणजे लोक वापरतायत?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"लाखाच्या घरात असतील. नक्की कुणालाच माहीत नाही, वहिनी. मोजणंच मी काढून टाकलंय."

वहिनींनी टॉवेलला हात पुसले. "भाऊजी, सहा वर्षं मी यांना रात्रंदिवस त्या मशीनपुढे वाकलेलं पाहिलंय. कॉलेजात शिकवायचं बोलावणं आलं होतं, ते नाकारलं. आधी मापाडी सावरू दे म्हणाले. दाढ किडलेली नव्हतीच, आणि हे बिचारे ती कोरत बसले होते."

"उद्या सांगतो. जरा विचार करून, नीट शब्दांत..."

"उद्या नाही. आत्ता वर जा. आणि मी मागे येईन असं समजू नका. तुमचं तुम्ही निस्तरा."

धाकटा वर गेला आणि त्याने दाराशी उभ्या उभ्याच सांगितलं. शब्द नीट जमले नाहीत ते नाहीतच. नियम असा आहे, आम्ही सगळ्यांचंच काढतो, नोंदीत लिहिलं होतं, असं काहीबाही बोलत तो मुद्द्यावर आला. दादा ऐकत होता. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

"किती?" दादाने विचारलं.

धाकट्याने अंदाज सांगितला. दादाने मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकतोय. मग म्हणाला, "इतके लोक आहेत, तर काही बिघाड होत असतील. मला तर कुणी कळवत नाही."

"मला कळवतात. पॅकेजवर माझा पत्ता असतो. मी दुरुस्त करतो आणि वर्षातून एकदा एकत्र करून तुला पाठवतो. तुला कशाला दर वेळी त्रास?"

"ते तुला सापडलेले नव्हते? मला वाटायचं, याला बरं सापडतं सगळं." दादाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि बिघाडाशिवाय? असंच कुणी लिहिलं का कधी?"

धाकट्याने खिशातून फोन काढला, तसली मेलं उघडली आणि फोन दादाच्या हातात दिला. दुसरं काय करणार होता. दादा खिडकीपाशी उभा राहून वाचू लागला. शीतगृह चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं की मापाडी आल्यापासून तो निवांत झोपतो. एका प्रयोगशाळेतल्या बाईने लिहिलं होतं की तुमच्यामुळे आमचे अहवाल वेळेवर जातात. कुणी नुसतंच लिहिलं होतं, देव तुमचं भलं करो. खाली पुढच्या पेशंटची दाढ कोरायला घेतली होती, ती घरघर बराच वेळ चालू होती. दादा एकही मेल न गाळता वाचत होता.

धाकट्याला त्या मेलांचा शब्द न् शब्द पाठ होता. कारण त्याला ती आवडायची. तळघरात दिवसभर कुणी त्याच्याशी धड बोलत नसे आणि सकाळी चहाबरोबर एखादं असं मेल आलं की दिवस गोड व्हायचा. मी लेखक नव्हे, लेखक माझा भाऊ, असं त्याने पहिल्या काही जणांना लिहिलं होतं. नंतर नंतर तो फक्त आभार लिहायचा. कामाच्या घाईत, असं तो स्वतःला सांगायचा. पण घाई वगैरे काही नव्हती. दादाच्या ताटातलं तो खात होता आणि ते त्याला गोड लागत होतं.

"दादा, तुझा वेळ वाचावा म्हणून..."

"वाचला ना. वाचलेला वेळ मी हा आलेख बघण्यात घालवला." दादाने फोन परत दिला. "मला एक सांग. मी मेलो असतो, तर याहून वेगळं काय केलं असतंस?"

धाकट्याने फोन खिशात ठेवला.

मग सगळे जेवायला बसले. हात धुताना दादा म्हणाला, "सोमवारची नोटीस थांबवतो. लिफ्टवाल्यांकडे महिनाभर मागून घेतो. माझं एक काम करशील? मापाडी सुरू झाला की पडद्यावर एक ओळ दिसेल. मापाडी तुमच्या उपयोगी पडत असेल तर मला दोन शब्द लिहा. खाली माझा पत्ता. बाहेर काही जाणार नाही. ज्याला वाटेल तो लिहील. बसतं का तुमच्या नियमात?"

नियमात बसत होतं. पण असल्या ओळींवर पॅकेजवाले खूश नसतात, आणि दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रामात ती ओळ असती तर धाकट्याने डोळ्याचं पातं न लववता काढली असती. या वेळी तो ब्रसुद्धा काढू शकला नाही. नवी आवृत्ती आधी थोडे दिवस चाचणीच्या कप्प्यात ठेवायची असते, म्हणजे काय मोडतं ते कळतं. तेवढंही त्याने केलं नाही. दादाला आणखी थांबायला लावण्याची त्याला लाज वाटली. मापाडीची नवी आवृत्ती सोमवारीच जगभर रवाना झाली.

आणि बोभाटा झाला.

दादाने ती ओळ पडद्यावर दाखवायला म्हणून लिहिली होती, पण मापाडीच्या पुढे सगळीकडे पडदा नसतोच, हे आपल्या खोलीत बसून लिहिणाऱ्या दादाला कुठून कळणार? ते पॅकेजवाल्याला माहीत असतं, आणि पॅकेजवाला घाईत होता. एका बेकरीत मापाडीच्या पुढे लेबलं छापायचं यंत्र होतं. तिथे पावाच्या पिशव्यांवर वजनाच्या जागी छापून आलं, मला दोन शब्द लिहा. प्रयोगशाळेत एका पेशंटच्या रक्ताच्या अहवालात साखरेच्या आकड्याखाली तेच. शीतगृहाच्या म्हाताऱ्याच्या फोनवर धोक्याचा इशारा म्हणून तेच, आणि तो बिचारा चप्पल न घालता गोदामाकडे धावला.

सगळ्यांनी लिहिलं. धाकट्याला. सवयच होती त्यांना. पॅकेजवर पत्ता त्याचा, सहा वर्षं उत्तरं त्याची. ओळीतला पत्ता कुणी वाचलाच नाही. सगळ्यांना ते काहीतरी बिघडल्याचं लक्षण वाटलं. रोज सकाळी मेलं येऊन पडायची आणि धाकटा चहा थंड करत ती वाचायचा.

"यांचं काही येतंय का हो?" वहिनी फोनवर हळू आवाजात विचारायच्या. "सकाळी आधी मेल बघतात आणि मग तोंड धुतात."

शेवटी धाकटा गेला आणि त्याने दादाला त्या सगळ्या तक्रारी दाखवल्या. निदान इतके लोक आहेत याचा पुरावा तरी मिळेल, असं त्याला वाटलं होतं. दादाने त्या वरवर चाळल्या.

"शिव्या तरी मला यायला हव्या होत्या रे," तो म्हणाला.

महिना सरत आला तेव्हा दादाने त्याला बोलावून घेतलं. वहिनीही खोलीत होत्या, दवाखान्याच्या कोटातच.

"मेल आलं," दादा म्हणाला. "एक आलंय. ऐक." आणि त्याने नाटकातलं भाषण वाचावं तसं खणखणीत आवाजात वाचलं. "तुम्ही कोण आहात ते आम्हाला माहीत नाही. आमच्या मापाडीत घुसून तुम्ही स्वतःची जाहिरात चालवली आहे. मापाडी ज्यांचा आहे त्यांना आम्ही कळवलं आहे आणि ते तुमचा बंदोबस्त करतील."

वहिनी हसल्या नाहीत. धाकट्याने खाली बघितलं. तेच मेल, तुमच्या मापाडीत कुणीतरी घुसलंय अशा मथळ्याचं, सकाळी त्यालाही आलं होतं.

"मी त्यांना लिहितो, दादा. आत्ता लिहितो. सगळ्यांना लिहितो की..."

"काय लिहिशील? हा चोर नाही, माझा भाऊ आहे, असं?" दादाने लॅपटॉप मिटला. "ती ओळ काढून टाक. तुला काढायची सवय आहे."

बोलणं जिव्हारी लागलं, पण खोटं नव्हतं. धाकट्याने त्याच टेबलाशी बसून ओळ काढली, या वेळी चाचणीच्या कप्प्यातून रीतसर पाठवली. आठवड्याभरात सगळीकडे शांत झालं. बेकरीवाल्याने आभार मानले. दादाने लिफ्टच्या कंपनीला हो म्हटलं, त्या पत्त्याची मेलपेटी बंद करून टाकली आणि साइटवर नोटीस लावली की मापाडीचं काम मूळ लेखकाने थांबवलं आहे. ती नोटीस कुणी वाचल्याचं दिसलं नाही. पॅकेज नीट चालत होतं.

पाऊणएक महिन्याने धाकट्याला एक लांबलचक मेल आलं. एका गावाच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीवर काम करणारी बाई होती. तिथे अजून ती ओळ असलेलीच आवृत्ती होती आणि मशीन वर्षातून एखाद-दोनदाच बंद करून सुरू करतात, त्यामुळे ती ओळ तिला आत्ता दिसली होती. दोन शब्द मागितले होते तिथे तिने दोन पानं लिहिली होती. मापाडीने एकदा टाकीची गळती कशी पकडून दिली, तो कोड तिने रिकाम्या वेळात कसा वाचून काढला, त्यातल्या सूचना वाचताना लिहिणाऱ्याचा स्वभाव कसा कळत जातो, हे सगळं. शेवटी लिहिलं होतं, ओळीतल्या पत्त्यावर पाठवलं तर परत आलं, म्हणून तुम्हाला पाठवते. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यापर्यंत एवढं पोचवा.

धाकटा ते छापून घेऊन धावतच दादाकडे गेला. दादा कामावर जायला निघाला होता. आरसा नसलेल्या भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं लावत होता. धाकट्याने मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. दादाने शेवटचं बटण लावलं आणि कागद हातात घेऊन एकदा खालवर पाहिला.

"छान लिहिलंय," तो म्हणाला आणि कागद परत दिला. "उत्तर देऊन टाक."

"तू दे ना दादा. तिने तुला लिहिलंय."

"मला सव्वानऊला पोचायचंय."

"मग काय लिहू?"

"लिही की लेखक आता हे काम करत नाही. बाकीचं तुला जमतं."

दादा जिना उतरून गेला. खालून वहिनींनी त्याला डब्याचं काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, आणि मग फाटक वाजलं. धाकटा दादाच्या खुर्चीत बसला, त्या बाईला तसंच उत्तर लिहिलं, आभार मानले, आणि खाली सवयीने स्वतःचं नाव घातलं.